खाजा मिस्त्रीनं न उघडलेले प्लग

ये गं, अशी जवळ सरक. कागद असा हातभर लांब धरून वाचू नको, चष्मा लाव आणि जवळ घे. दोन वर्षं झाली, लातूरवरून जातेस-येतेस आणि अक्काच्या दारात गाडी थांबवत नाहीस. फोनवर नुसतं "बऱ्या आहात ना?" म्हणून मोकळी होतेस. बरी कशाला असेन? ते विचारायला माणूस समोर बसावं लागतं. ते राहू दे. तू येत नाहीस म्हणून लिहून राहिले. आणि लिहिताना एक बरं असतं, मधे कुणी बोलत नाही. मधे कुणी बोललं की मला पळायला वाट सापडते, आणि या गोष्टीपासून मी सात वर्षं पळतच आले आहे.

हे मी गेल्या महिन्यापर्यंत असं धड, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुणालाच सांगितलेलं नव्हतं. पोटच्या लेकीला, तुझ्या मैत्रिणीला, सुद्धा नाही. सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसायचे, डोळे मिटले की ही गोष्ट वर यायची, आणि मी घाईघाईनं मंत्र म्हणायला लागायचे. म्हणजे तिथंही लपवलं. आता कुठून धरावं? माझ्यापासूनच धरते.

मी संशयी बाई आहे. तुला ठाऊक आहे, तू हसायचीस त्याला. दूधवाला माप ओतत असताना मी मापाच्या बुडाकडं बघते. गॅसची टाकी आली की आधी हातानं उचलून बघते. सोनाराकडं पैंजण डागायला दिलं तर त्याची फुंकणी खाली ठेवेपर्यंत जागची हलत नाही. आमचं कापडाचं दुकान चालू होतं तेव्हा गिऱ्हाइकानं साडी हातात घेतली की अप्पांची नजर गिऱ्हाइकाच्या तोंडावर असायची — आवडली का, नाही आवडली — आणि माझी त्याच्या पिशवीवर. लोक म्हणायचे, अक्काच्या नजरेतून काही सुटत नाही. मला ते लई आवडायचं. चौथी शिकलेली बाई मी, बाकीचं सगळं पुड्यांच्या कागदावर वाचून शिकले. मला हुशार म्हणवून घ्यायला दुसरं होतं तरी काय?

अप्पा म्हणजे आमचे मालक — त्यांचं उलटं. ज्याच्याशी एकदा चांगलं बोलले त्याच्यावर जन्मभर भरवसा. आणि त्यांचा सगळ्यात मोठा भरवसा होता खाजा मिस्त्रीवर.

औसा रोडच्या आत, एका मोकळ्या जागेत त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. आमची पांढरी गाडी घेतली तेव्हापासून तिला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता. रविवारी सकाळी अप्पा तिकडं जायचे, गाडीचं काम असो नसो. एका उलट्या डब्यावर हे बसायचे, जुन्या टायरवर तो. काय बोलायचे देव जाणे. अप्पांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि गाडी चालवायची बंद झाली, तेव्हा या खाजानंच मला स्टिअरिंगवर बसवलं. चोपन्न वर्षांची मी. क्लच सोडताना गाडी उड्या मारायची. तो म्हणायचा, अक्का, पाळण्यातलं पोर झोपलंय असं समजून पाय काढा. तसा काढला, आणि जमलं. शेजारच्या सुना रिक्षाला हात करत उभ्या असायच्या आणि मी गाडी काढून नांदेडला लेकीकडं जायचे, अप्पांना बाजूला बसवून. त्या दिवसांत माझ्यासारखी मीच.

त्याची एक पद्धत होती, ती ध्यानात ठेव. गाडीतून जे काही काढायचा, जुना फिल्टर म्हण, पट्टा म्हण, एखादा झिजलेला बोल्ट का असेना, ते पेपरात गुंडाळून मालकाच्या हातात द्यायचा. काढलेली वस्तू मालकाची, म्हणायचा. मालकानं बघावी, मग टाकावी. दुसरा कुणी असं करत नाही. मला तर त्यातही शंका यायची — एवढं दाखवतो कशाला हा?

तर सात वर्षांमागचा दसरा. आठ दिवस आधी त्यानं गाडीची सगळी देखभाल केली, इंजिनात ठिणगी पाडणारे चारही प्लग नवे घातले. गाडी ताब्यात देताना मला म्हणाला, की अक्का, पूजेला भस्म लावा, हळदकुंकू लावा, हार घाला, पण बॉनेटच्या आत पाणी नको. हे नाजूक काम असतंय.

बोलला ते सरळ होतं. पण मला ते असं लागलं. माझी पूजा मी कशी करायची हे आता हा सांगणार? हा? — आता तू म्हणशील, "हा" म्हणजे कोण? तेच. त्याच्या जागी आमच्यातला कुणी मिस्त्री असता आणि त्यानं हेच सांगितलं असतं, तर मला लागलं असतं का? सात वर्षं हा प्रश्न मी दुसऱ्या कुणाला विचारू दिला नाही. आता तूच काय ते समज.

दसरा झाला. पाच-सहा दिवसांनी आम्ही नांदेडला निघालो. चाकूरपर्यंत गाडी लोण्यासारखी. शिरूर ताजबंद मागं पडलं, अहमदपूरच्या अलीकडं चढ लागतो तिथं सोयाबीनच्या पोत्यांचा ट्रॅक्टर पुढं होता. त्याला मागं टाकायला मी उजवीकडं घेतलं, पाय दाबला — आणि गाडीला उचकी लागली. एक गचका, दुसरा, तिसरा. पाय दाबावा तर पुढं जाण्याऐवजी मागून कुणी पदर ओढल्यासारखी ओढली जाते, मग एकदम सुटते, परत ओढली जाते. समोरून बस आली. ट्रॅक्टरवाला शहाणा, त्यानं बाजूला घेतलं म्हणून मी आज लिहायला आहे. अप्पा समोरच्या फळीवर हात रोवून बसले. डोळ्यांनी धड दिसत नाही अशा माणसाला गाडीत बसून काय वाटलं असेल?

माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? गाडीत काय बिघडलं, हे नाही आलं. खाजानं काय काढून घेतलं, हे आलं.

परत आलो तशी गाडी त्याच्याकडं नेली. तो शेजारी बसला, मला चालवायला लावली आणि विचारत राहिला. थंड असताना होतं का तापल्यावर? सपाटीला होतं का चढाला? सावकाश पाय दिला तर होतं का एकदम दिला तर? टाकी भरलेली असताना का खाली आल्यावर? डॉक्टर नाडी बघतो तसं. मग गाडी सावलीत लावून मला समजावलं, की अक्का, गाडी पळायला तीन गोष्टी लागतात, पेट्रोल, हवा आणि ठिणगी. भार पडला की तीनातलं एक काहीतरी कमी पडतंय. ठिणगीचं काम तर मी आत्ताच नवं केलंय. नवा प्लग असा करत नाही, खोलात पाणी उतरल्याशिवाय. आणि मग थांबून त्यानं विचारलं.

"अक्का, दसऱ्याला इंजनावर पाणी तर नाही ना पडलं? थोडं का होईना?"

"न्हाई," मी म्हणाले. "थेंब न्हाई."

"मग झालं. तुम्ही सांगितलं म्हणजे ठिणगीचं काम नाही," तो म्हणाला, आणि प्लग उघडायचा लांब पाना त्यानं परत पेटीत ठेवला.

तो पाना ठेवताना झालेला आवाज अजून माझ्या कानात आहे.

आता सांगते दसऱ्याला मी काय केलं होतं. माझ्या वडलांची उदगीरला पिठाची गिरणी होती. तिचं इंजिन म्हणजे काळं, माणसाएवढं धूड. खंडेनवमीला वडील त्याला घासून-पुसून लख्ख करायचे, भस्माचे तीन पट्टे ओढायचे, नारळ फोडायचे आणि अर्धं पाणी तीर्थ म्हणून आम्हा पोरांना, अर्धं इंजिनाच्या अंगावर. यंत्राला पण तीर्थ पाहिजे, म्हणायचे. ते लोखंड काय, नदी ओतली तरी धकधक करत चालायचं. मी तेच बघितलेलं. अप्पा आंघोळीला गेले होते. मी बॉनेट उघडलं, भस्म ओढलं, नारळ फोडला आणि अर्धं पाणी इंजिनाच्या बरोब्बर मधोमध ओतलं. खाजानं नको म्हटलं होतं म्हणून जरा जास्तच ओतलं. हाव, जास्तच. कवटीत उरलेलं सुद्धा निथळू दिलं.

मग त्यानं विचारलं तेव्हा का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तो ओरडला असता का? छे. हसला असता, प्लगच्या टोप्या काढून पुसल्या असत्या, अर्ध्या तासात गाडी घरी. पण त्याचं खरं ठरलं असतं. एवढंच. दुसरं कारण मी लई शोधलं, सापडलं नाही.

पुढचे दोन महिने त्या माणसानं काय नाही केलं. पेट्रोलचा फिल्टर बदलला. हवा आत घेणारी नळी खोलून धुतली. पेट्रोलचा पंप बदलला. अॅक्सिलरेटरची केबल नवी टाकली. प्रत्येक वेळी दोन दिवस गाडी बरी चालायची आणि दमट सकाळी, चढाला, परत तीच उचकी. तो डोकं धरून बसायचा. आणि मी? मी पाळत ठेवून होते. लेकीची जुनी नखाला लावायची लाल बाटली घरात पडलेली होती, तिचे बारीक ठिपके मी गाडीतल्या एकेका वस्तूवर लावून ठेवले — म्हणजे त्यानं वस्तू बदलून ठेवली तर मला कळावं. पुढं त्यानं फिल्टर बदलला आणि जुना पेपरात गुंडाळून माझ्या हातात दिला. घरी येऊन उलगडला, तर माझा लाल ठिपका जिथल्या तिथं. माझीच वस्तू, इमानानं परत दिलेली. दुसरं कुणी असतं तर लाजलं असतं. मी काय विचार केला? यानं ठिपका बघितला, आणि आता सावध झाला.

असा असतो संशय. त्याला पुरावा लागत नाही, आणि उलटा पुरावा मिळाला तर तोही तो आपल्याच बाजूनं लावतो.

एकदा तो स्वतःच म्हणाला, की अक्का, सगळं बघून झालं, आता एकदा प्लग उघडून बघू का? आता उघडं पडणार, वाटलं. पण तोंड चाललं. मी म्हणाले, नवे बसवलेस म्हणतोस ना, मग उघडतोस कशाला? का बदलून ठेवायचेत? त्यानं माझ्याकडं बघितलं. हात पुसला. परत प्लगचं नाव काढलं नाही.

सोमवारी आमचं भजन असतं, चाळीसेक बायका जमतो. त्यात मी कलावतीच्या कानात सांगितलं, की खाजाकडं गाडी टाकत असशील तर समोर बस बाई, माझं काही म्हणणं नाही, पण समोर बस. एवढंच. काही म्हणणं नाही म्हणायचं आणि सगळं म्हणून टाकायचं, हे मला लई छान जमतं. कलावतीच्या दिराच्या जागेतच खाजाचं गॅरेज होतं. मला माहीत होतं ते. माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

पण इथपर्यंत, बघ, मला स्वतःला फसवायला जागा होती. नारळाचं पाणी तेव्हाच वाळलं असेल, पूजेनं काय होतंय, हा काहीतरी करतोच आहे — असं मी मनाला सांगायचे आणि मन ऐकायचं. पुढचं मात्र मी डोळे उघडे ठेवून केलं.

मार्गशीर्षात परत नांदेडला गेलो. अप्पा लेकीच्या घरी बसले, आणि मी एकटी गाडी घेऊन जावयाच्या ओळखीच्या मिस्त्रीकडं गेले. त्याला मी काही सांगितलं नाही, नुसतं गचके देते म्हणाले. त्यानं काही विचारलं पण नाही. सरळ प्लगच्या टोप्या उपसल्या. दोन नंबरची टोपी निघेना, गोंद लावल्यासारखी. ओढून काढली तर आत तपकिरी, जळक्या गुळासारखा थर, आणि त्यात चिकटून मेलेल्या मुंग्या. तीन नंबरला पण तसंच. त्यानं वास घेतला आणि हसायला लागला. "ताई, नारळ इथंच फोडला का काय? दसरा झाला की अशा एक-दोन येतातच." मग म्हणाला, की प्लग खोल विहिरीत बसवलेले असतात, वरून पडलेलं गोड पाणी आत उतरून बसतं, आणि भार आला की ठिणगी आत पडायच्या ऐवजी त्या चिकट थरावरून बाहेरच्या बाहेर पळते.

अर्ध्या तासात काम झालं. जुने प्लग आणि टोप्या त्यानं एका पिशवीत घालून दिल्या. गाडी पहिल्यासारखी, पाय ठेवला की हरणासारखी.

लेकीकडं परत येताना गोदावरीच्या पुलावर मी गाडी बाजूला घेतली. लेकीनं देवघरातलं निर्माल्य सोडायला दिलं होतं. ते सोडलं — आणि त्याच्या मागोमाग ती प्लगची पिशवी पण सोडली. हात जोडले. कुणाला जोडले, काय ठाऊक.

लेकीच्या घरी पोचल्यावर अप्पांनी विचारलं, काय निघालं? मी म्हणाले, प्लग. नकली होते. त्यांनी ताटावरचा हात मागं घेतला. खाजानं नकली घातले? मी म्हणाले, मग बसवले कुणी होते?

बघितलंस? मी "खाजानं" असं म्हटलं नाही. नुसता प्रश्न विचारला. खोटं बोलताना सुद्धा मी स्वतःसाठी दार उघडं ठेवलं होतं.

लातूरला आल्यावर पहिल्याच रविवारी अप्पा मला घेऊन गॅरेजवर गेले. डब्यावर बसले नाहीत. उभ्यानं म्हणाले, "खाजा, नकली प्लग? माझ्याशी तरी असं करायचं न्हाई." बाकी काही नाही, आवाज पण चढवला नाही. खाजानं त्यांच्याकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं.

"काढलेले प्लग दाखवा, अक्का."

वीस वर्षं ज्यानं प्रत्येकाची काढलेली वस्तू प्रत्येकाच्या हातात दिली, त्यानं आयुष्यात एकदाच काढलेली वस्तू परत मागितली. मी म्हणाले, टाकले.

अप्पा गाडीत येऊन बसले आणि त्यानंतर त्या रस्त्यानं कधी गेले नाहीत. अप्पांसारखा माणूस जात नाही म्हटल्यावर लोकांना आणखी काय सांगायला पाहिजे होतं? मला पुढं एक शब्द बोलावा लागला नाही. गाड्या कमी झाल्या. वर्षाच्या आत कलावतीच्या दिरानं जागा मागून घेतली. खाजा बायकोच्या माहेरी, उमरीला गेला असं कानावर आलं, मेव्हण्याबरोबर ट्रॅक्टरची कामं करतो म्हणून. आणि अप्पा? रविवारी सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून, ओसरीवर बसायचे. कुठं जायचं नसलेल्या माणसानं कपडे करून बसावं, हे मी सात वर्षं प्रत्येक रविवारी बघितलं. मधूनच म्हणायचे, खाजानं असं करायला नको होतं. मी म्हणायचे, जाऊ द्या हो, माणसं असतातच अशी.

असं म्हणायचे मी. त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे.

गेल्या महिन्यात उमरीला एका लग्नाला गेलो होतो. अप्पांना मंडपात बसवलं. मागच्या चाकात हवा कमी वाटत होती म्हणून मी गाडी घेऊन निघाले, लोकांनी रस्त्याकडेचं एक शेड दाखवलं. गाडी थांबायच्या आत तो बाहेर आला. मला बघून आला नव्हता, आवाज ऐकून आला होता. दाढी पांढरी झालेली. बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला, आणि म्हणाला, आता छान चाललीय. अप्पांच्या डोळ्यांचं विचारलं. लेकीचं विचारलं. हवा भरली. मी सुटले असं वाटलं मला.

मग म्हणाला, "अक्का, ते प्लग नकली कशावरून ठरले? डबा सीलबंद होता, मी माझ्या हातानं फोडला होता."

तोच सांगत राहिला. नकली निघाले म्हटल्यावर तो दुकानदाराकडं गेला होता, भांडला होता, बारा वर्षांचं येणं-जाणं तोडलं. तेव्हापासून कुणाचा भरवसा वाटत नाही, म्हणाला. सीलबंद डबा आला तरी आधी भिंग लावून बघतो. मेव्हण्यानं वस्तू आणली तर ती परत तपासतो, मेव्हण्याला राग येतो. घरात पण तसंच व्हायला लागलंय, पोरं बोलतात. असा नव्हतो मी, अक्का.

अगं, तो माझंच बोलत होता. माझा डोळा त्याच्या डोळ्यात जाऊन बसला होता.

आता तरी सांगावं ना? समोर माणूस, सात वर्षं भिंग घेऊन शोधून राहिलेला. एक वाक्य पाहिजे होतं. मी म्हणाले, मला काय कळतंय भाऊ त्यातलं.

तो मान हलवून म्हणाला, चूक माझीच, मी प्लग उघडून बघायला पाहिजे होते, तुमचं मन दुखेल म्हणून राहिलो.

मी गाडी काढली. मंडपाशी आले, अप्पांना हात धरून गाडीत बसवलं. किल्ली फिरवायला हात जाईना. रस्त्यावर वाजंत्री चाललेली, वऱ्हाडी आजूबाजूनं जायचे, कुणीकुणी काचेवर टकटक करून राम राम करायचे, आणि मी अप्पांना सगळं सांगितलं. नारळ, "थेंब न्हाई", मुंग्या, गोदावरी. अप्पा समोर बघत ऐकत होते. त्यांना समोरचं दिसत नाही, तरी समोरच बघत होते.

"तू मला नकली म्हणून सांगितलंस," ते म्हणाले.

"हाव."

मग म्हणाले, "मागं वळव. आणि मी नाही उतरणार. तू उतर."

मी उतरले. खाजा एका ट्रॅक्टरच्या चाकाशी बसला होता. उभ्यानंच सांगितलं मी, कुठं थांबले नाही, थांबले असते तर परत पळाले असते. तो ऐकत राहिला. मला वाटलं रागावेल. तशी तयारी करून गेले होते, रागवला असता तर मला जरा हलकं वाटलं असतं, खरं सांगते. पण त्यानं विचारलं, कितव्या प्लगवर होतं? मी म्हणाले, दोन आणि तीन. त्यानं मान डोलावली. म्हणून चढाला, स्वतःशीच म्हणाला. म्हणून दमट हवेला. मग म्हणाला, डबा खरा होता म्हणजे.

आणि मग माझ्याकडं बघून, "मी तुम्हाला विचारलं होतं, अक्का."

"विचारलं होतंस," मी म्हणाले.

तो उठून गाडीकडं गेला. अप्पांनी काच खाली केली, चाचपून त्याचा हात धरला. दोघं बोलत राहिले. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. मला कुणी बोलावलं नाही, आणि बोलवायचं काही कारण पण नव्हतं.

लातूरला आल्यावर सोमवारच्या भजनात मी उभी राहिले आणि थोडक्यात सांगून टाकलं. मुंग्यांचं ऐकून दोघी-तिघी हसल्या. कलावती म्हणाली, सात वर्षं झाली अक्का, आता कशाला उकरता? आणि पुढचं भजन सुरू झालं. मी महिनाभर कान लावून बसले आहे, ही गोष्ट बाहेर कुणाच्या तोंडून ऐकू येते का म्हणून. येत नाही. तेव्हा एकीच्या कानात सांगितलेलं गावभर झालं होतं, आणि आता चाळीस जणींसमोर मोठ्यानं बोलले ते त्या खोलीतून बाहेर गेलं नाही. म्हणून लिहून राहिले. तू हे कुणालाही वाचून दाखव, माझं नाव झाकू नको.

पूजा केली याचं मला वाईट वाटत नाही. पाणी ओतलं याचंही नाही. मी नाही म्हणाले, मग नकली म्हणाले, मग टाकले म्हणाले, मग मला काय कळतंय म्हणाले. चार वेळा. एकदाही जीभ घसरलेली नव्हती.

दर रविवारी आता अप्पा उमरीला जातात, भाच्याला सांगून, त्याच्या गाडीनं. मी गाडी काढते म्हटलं तर नको म्हणतात. माझ्याशी बोलतात, नाही असं नाही. मीठ कमी आहे, औषधाची वेळ झाली, दार लाव. तेवढंच.

तू ये एकदा लवकर. सणावाराची वाट बघू नको. माझ्याबद्दल आता जे काही मनात आलं असेल ते घेऊनच ये, ते घालवून यायची गरज नाही. ओसरीवर अप्पांजवळ बस, त्यांना बोलायला माणूस पाहिजे. तू विचारलंस तर ते लई बोलतील. मी आत असेन.